फक्त आमच्या घरी पास

मंगळवार, ४

तर पहिली आली ती खालची शिंपीण, आणि पाहुणे तिच्या मागून. बेल त्यांनी माझीच वाजवली होती, पण जिन्यात अनोळखी पावलं वाजली की ही बाई कात्री कापडात तशीच सोडून वर येते. तोंडात टाचण्या होत्या. टाचण्यांमधूनच म्हणाली, "काकू, तुमच्याकडे कुणी सरकारी माणसं आलीत."

मी म्हटलं, "सरकारनं न्यावं असं माझ्याकडे काय आहे? गुडघे?"

पाहुणे दोघं. एक ताडमाड माणूस, दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकला तो मग बसेपर्यंत वाकलेलाच राहिला. आणि एक बाई, केस बारीक कापलेले, पाठीला शाळेच्या पोरासारखी पिशवी. नावं सांगितली त्यांनी, पण माझ्या जिभेला ती वळेनात, म्हणून या वहीपुरते ते ताडमाड आणि पिशवीवाली.

"मॅडम आहेत का?" पिशवीवालीनं विचारलं.

"आहेत की. आत आहेत. या."

माझ्या डोळ्यांसमोर फोटो होता. त्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं ते मला कसं कळणार? ताडमाडनं बोटांनी केस सारखे केले. पिशवीवालीनं पदर नाही तरी पदर सावरावा तसं काहीतरी केलं. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. कॉम्प्युटरचं मशीन घूं घूं करत होतं, पडद्यावर अक्षरं पळत होती. खुर्ची दाराकडे तोंड करून होती. ती रोज तशीच असते. संध्याकाळी मी टेबलाखाली ढकलते, सकाळी वळलेली असते. चाकं आहेत तिला, जमीन तिकडे उतरती असेल.

दोघं त्या खुर्चीकडे बघत उभे राहिले. मग पिशवीवाली म्हणाली, "कुठे आहेत?"

मी भिंतीवरचा फोटो दाखवला. म्हटलं, "गेल्या वर्षी गेली माझी सून. तुम्हाला कुणी कळवलं नाही?"

ताडमाड खाली बसला तो थेट माझ्या लोकरीच्या टोपलीवर. शिंपिणीनं तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"पण आजी," पिशवीवाली म्हणाली, "त्यांचा रिपोर्ट आम्हाला रोज येतो. आज सकाळीसुद्धा आला."

"तो मी पाठवते," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, जरा छाती फुगली माझी. सुनेनं दवाखान्यात पडल्या पडल्या शिकवलं होतं. आई, सकाळी मागचं बटण दाबा. पडदा उजळला आणि त्यानं विचारलं की हे मोठं बटण दाबा. पुढचं ते आपलं आपण करतं. संध्याकाळी बंद करा. मी येईपर्यंत एवढं बघा. ती आली नाही, पण बंद करायला मला कुणी सांगितलेलं नाही. मी बघतेय.

ते दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग ताडमाडनं विचारलं, "आजी, रिपोर्ट ठीक आहे, तो मशीनच पाठवतं. पण गेल्या आठवड्यात आम्ही त्यांना पत्र लिहिलं होतं, की तुमची एक फाइल आमच्याकडे आलेली नाही, ती पाठवा. त्याला उत्तर आलं. ते कुणी लिहिलं?"

"मला एकच बटण येतं बाबा. काय उत्तर आलं?"

"अजून थोडं राहिलंय. एवढंच."

मला हसू आलं. म्हटलं, हे तिचंच. जेवायला हाक मारली की पहिल्या हाकेला आतून यायचं, "अजून थोडं राहिलंय." दुसऱ्या हाकेला, "झालंच आता." आणि तिसऱ्या हाकेला खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. तीन हाकांशिवाय ही बाई कधी ताटावर आली नाही. अजूनही ताटं घेताना माझ्या तोंडून एखादी हाक निघून जाते. गेल्या आठवड्यातच निघाली होती. मुलगा नव्हता घरात म्हणून बरं.

हे मी सांगितलं तेव्हा त्यांना हसू आलं नाही. चहा केला तो मात्र प्यायले. शिंपीणही प्यायली, दोनदा.

बुधवार, ५

काल लिहून लिहून बोटं आखडली. शाळा माझी चौथीतच सुटलेली, वही-पेन सुनेनं हाती दिलं. म्हणाली, आई, तुम्ही दिवसभर बोलता ते थोडं लिहा, मला दुपारी काम करता येईल. चेष्टेखोर होती.

पाहुणे कशाला आले ते राहिलंच. गणिताचं एक मोठं सॉफ्टवेअर आहे, ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. देशोदेशीचे लोक मिळून लिहितात आणि ज्याला हवं त्याला फुकट देतात. मला सुनेनं विणकामावरून समजावलं होतं, म्हणून ते पक्कं आहे. स्वेटर द्यायचा नाही, नमुना लिहून द्यायचा. ज्यानं त्यानं आपल्या घरी, आपल्या सुयांवर तो विणून घ्यायचा. त्या विणून काढण्याला हे लोक बिल्ड म्हणतात. रोज कुणीतरी नमुन्यात काहीतरी सुधारतं, म्हणून रोज ठिकठिकाणची मशीनं तो पहिल्यापासून विणून, ओढून, ताणून बघतात. ठीक असेल तर हिरवं, उसवलं तर लाल. आमच्या मागच्या खोलीतलं मशीन तेच करतं.

सुनेचा भाग गाठींचा. दोऱ्यांच्या गाठींचंही गणित असतं म्हणे. एकदा तिनं माझ्याकडून हातभर लाल लोकर मागितली. म्हणाली, "आई, जमेल तेवढा गुंता करा आणि शेवटी दोन्ही टोकं एकमेकांना शिवून टाका." गुंता करण्यात माझा हात कुणी धरायचा नाही. मी केला. मग तो दोरा न कापता, नुसता सैल करत करत, साधं कडं होऊ शकतो का, एवढाच प्रश्न. ती महिनोनमहिने त्या गुंत्याशी बसली. त्याचं चित्र काढलं, आकडे केले, मशीनमध्ये घातला, आणि त्याला नाव दिलं "आई". लोकर मशीनच्या वर खिळ्याला टांगून ठेवली.

आता गंमत अशी, की दवाखान्यात जायच्या आधी तिनं नमुन्यात शेवटचं लिहिलं, की इथे "आई" नावाची फाइल घ्या. आणि ती फाइल पाठवायची राहिली. ती फक्त या घरातल्या मशीनवर आहे. म्हणून जगात कुणीही विणायला घेतलं, की त्या जागी येऊन मशीन लाल होतं आणि लिहितं, आई सापडत नाही. आमच्याकडे मात्र रोज हिरवं. आई सापडली, गुंता सुटतो.

म्हणजे जगभर मी नापास आणि फक्त आमच्या घरी पास. हे मी शिंपिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "काकू, आमचं उलटं असतं. बाहेर सगळे चांगलं म्हणतात, घरी कुणी विचारत नाही."

वर्षभर ते लोक थांबले, बाई आजारी आहेत, सावकाश देतील म्हणून. आता नवी आवृत्ती काढायची आहे. या महिन्यात सरळ झालं नाही तर गाठींचा सगळा भागच कापून टाकायचा आणि सुनेचं नाव काढायचं असं बाकीच्यांचं ठरलंय. हे दोघं तिच्या बाजूचे. म्हणून आले. काल जाताना फाइल उतरवून घेऊन गेले. ताडमाडनं लोकरीचा फोटोही काढला.

दुपारी मुलाबरोबर डॉक्टरकडे. जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागतं हे त्यानं डॉक्टरला सांगून टाकलं. मी सांगणार नव्हते. छातीत नळी घालून बघायचं म्हणतात. तारीख कळवतील.

शुक्रवार, ७

मुलगा चिडलाय. तो लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर लोकांना वरखाली पोचवतो, पण स्वतःच्या घरात मागच्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही. पाहुण्यांचं कळलं तेव्हा हात धुता धुता म्हणाला, "आई, आता तरी ते बंद कर."

"का रे? तुझं काय घेतंय?"

"भिंतीपलीकडे पंखा ऐकू येतो. मला वाटतं ती कामच करतेय."

"मग बरंच आहे की."

तो ताटातलं निम्मं तसंच ठेवून उठला. मला वाईट वाटलं. मी खरं तेच बोलले होते, मला बरंच वाटतं. सकाळी बटण दाबलं की घर जागं झाल्यासारखं होतं. मी तिथंच बसून भाजी निवडते आणि तिला सगळं सांगते, शिंपिणीच्या घरचं, भाजीच्या भावांचं, कुणाची काच फुटली ते. मशीन आपलं घूं घूं करत ऐकतं. मध्येच आवाज हळू होतो, तेव्हा मीही आवाज खाली आणते, जसं ती काहीतरी मोजत असली की आणायचे.

एक आज लक्षात आलं. खोलीत सगळीकडे धूळ बसते, मीच पुसते. पण अक्षरांच्या बटणांना मी कधी फडकं लावत नाही, भलतंच काही दाबलं जाईल म्हणून. तरी ती स्वच्छ आहेत. बाकी मशीनवर बोट फिरवलं तर बोट काळं होतं. चांगल्या कंपनीची असतील बटणं.

शनिवार, ८

पाहुणे पुन्हा आले, मुलगा घरात असताना. मला धाकधूक होती, पण ताडमाडनं त्याला लिफ्टचं काहीतरी विचारलं आणि दोघं दहा मिनिटं दोरखंडांवर बोलले. पुरुषांना असं काहीतरी लागतं.

पिशवीवालीनं आपलं छोटं मशीन उघडून मला दाखवलं. "आजी, मंगळवारी तुमच्याकडून नेलेली फाइल आम्ही यात घातली. आई सापडली. पण आता मशीन थांबतच नाही. विणतं, मागे वळून बघतं, म्हणतं हे जुनं झालं, आणि पुन्हा पहिल्यापासून विणतं. असं गोल गोल."

"का बाई?"

"कारण त्याची रीत अशी, की फाइल नवी आणि विणलेलं जुनं असेल तर पुन्हा विणायचं. या फाइलवर जी तारीख आहे ती अजून आलेलीच नाही. आत्ता विणलेलं काहीही तिच्यापुढे जुनंच."

तारीख होती याच महिन्याची अठ्ठावीस. शुक्रवार.

मुलगा दाराशी उभा होता, उंबऱ्याच्या अलीकडे. म्हणाला, "मशीनचं घड्याळ चुकलं असेल."

"आम्हालाही तेच वाटलं," ताडमाड म्हणाला. "घड्याळ बरोबर आहे. बाहेरून कुणी शिरलंय का तेही बघितलं. आल्या आल्या मी इंटरनेटची तार काढून ठेवली आहे. शिवाय या मशीननंही गोल गोल फिरायला हवं होतं. हे फिरत नाही. याला ती तारीख खटकत नाही."

मग त्यांनी मंगळवारची फाइल आणि आजची फाइल शेजारी शेजारी लावल्या. आजची जास्त लांब निघाली. त्यात गुंता कसा सोडवायचा ते लिहिलंय, पायरी पायरीनं. कुठला पदर कुठल्या पदरावरून काढायचा. मंगळवारी जिथे संपत होती त्याच्या पुढे आज काही पायऱ्या जास्त होत्या. शेवट मात्र अजून नाही.

"तरी इथे उत्तर येतं, गुंता सुटतो," पिशवीवाली म्हणाली. "शेवट लिहिलेला नसताना."

ताडमाडला काय आठवलं, त्यानं फोन काढला आणि खिळ्यावरच्या लोकरीकडे बघितलं. फोनकडे, लोकरीकडे. पुन्हा फोनकडे.

"आजी, तुम्ही याला हात लावलात?"

"मी कशाला लावू? माझा हात तिथवर पोचतसुद्धा नाही."

त्यानं फोटो मला दाखवला. मंगळवारी चांगली झुपकेदार होती, आज बरीच मोकळी. लोकर आहे, टांगून ठेवली की सैल पडायचीच. स्वेटरचे हात नाही का लांब होत? हे मी त्यांना समजावून सांगितलं. मुलगा तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला.

शेवटी त्यांनी एक केलं. फाइलवरची तारीख बदलून आजची टाकली, तार परत लावली, आणि सांगितलं, "आता सोमवारपर्यंत रोजच्यासारखंच चालू द्या. काय होतं ते फोनवर सांगा."

जेवून जा म्हटलं तर थांबले नाहीत. मला चुटपुट लागून राहिली. इतकी माणसं किती दिवसांनी घरात आली आणि ताटं मांडायची राहिली.

सोमवार, १०

आज लाल आलं.

काल सुटी म्हणून मुलगा मला बहिणीकडे घेऊन गेला होता, मशीन लावलंच नाही. आज सकाळी बटण दाबलं आणि भाजी घेऊन बसले. अक्षरं पळाली, थांबली, आणि लाल. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आई सापडली, गुंता सुटत नाही. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. खुर्चीकडे बघितलं तर ती आज भिंतीकडे वळलेली. आवाजही नव्हता धड. भाजी तशीच ठेवली मी. माझ्यामुळे झालं असं वाटत राहिलं. त्या दोघांना तारखेला हात लावू दिला तो मीच ना.

स्वयंपाक उरकला, चित्त नव्हतं. ताटं घेतली आणि सवयीनं हाक गेली तोंडून, "अगं, जेवायला चल." मग माझी मलाच लाज वाटली. मुलगा समोर बसलेला. त्यानं घास हातातच ठेवला.

तेवढ्यात आतला पंखा जोरात फिरायला लागला. मी उठून गेले. मशीननं पुन्हा पहिल्यापासून विणायला घेतलं होतं. मी बटण दाबलं नव्हतं. बसून राहिले संपेपर्यंत. हिरवं.

पिशवीवालीला फोन केला. ती म्हणाली, "आजी, मी सांगते तसं करा, कोपऱ्यात 'आई' लिहिलंय तिथे बघा. शेजारी आकडा कुठला आहे?"

आकडे मला नीट येतात. म्हटलं, "दोन आणि आठ."

तिनं मला तो पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "लोकर कशी आहे?"

"छान आहे की," मी म्हटलं. "दोन-तीन पदर उरलेत."

फोन बाहेर ठेवून परत आले तर खुर्ची दाराकडे वळलेली. मला इतकं हलकं वाटलं, की जिन्यानं खाली जाऊन शिंपिणीला सांगून आले. वर येताना मात्र दोनदा बसावं लागलं.

गुरुवार, १३

सकाळी दोन फोन.

पहिला दवाखान्यातून. तारीख मिळाली, अठ्ठावीस, शुक्रवार, सकाळी उपाशीपोटी या. मला गंमत वाटली. महिन्यात इतके दिवस पडलेत आणि सगळ्यांना हीच तारीख सापडते. लिहून घेते म्हटलं.

दुसरा पिशवीवालीचा. आवाज घोगरा येत होता. म्हणाली, "आजी, तुम्ही बसल्या आहात का?"

"मी कायम बसलेलीच असते बाई. बोल."

"मॅडमच्या नावानं अजून एक उत्तर आलंय. सोमवारी दुपारी. आम्हाला आज दिसलं."

"काय लिहिलंय?"

"झालंच आता."

मी म्हटलं, "मग बरोबर आहे."

"काय बरोबर आहे आजी?"

"अगं, दुसऱ्या हाकेला ती तेच म्हणते."

मग तिनं विचारलं, घरात मशीनला हात लावणारं दुसरं कुणी आहे का, मुलगा, शेजारी, कुणी. मी म्हटलं, मुलगा उंबरा ओलांडत नाही आणि शिंपिणीला सुईशिवाय काही येत नाही. ती म्हणाली, "उद्या आम्ही येतो."

संध्याकाळी मुलाला सांगितलं. उत्तराचं सांगितलं, दवाखान्याचं राहून गेलं. तो पांढरा पडला. "आई, खरं सांग, तू काही लिहिलंस का?"

"माझं लिहिणं या वहीत. आणि जोडाक्षर आलं की मी अजून अडखळते. तुला माहीत आहे."

तो उठला आणि मागच्या खोलीपाशी गेला. आज पहिल्यांदा त्यानं आत पाय टाकला. मशीन मी बंद केलं होतं. खुर्ची टेबलापासून जरा बाहेर आलेली, उठायच्या आधी माणूस सरकवतो तेवढी. त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच उचलला.

"गरम आहे," म्हणाला.

मी म्हटलं, "पश्चिमेची खिडकी आहे ना."

शुक्रवार, १४

आले. पहिली अर्थात शिंपीण, पण आज टाचण्याबिचण्या ठेवून, चांगली ओढणी घेऊन. मी तिला म्हटलं, तुझं गिऱ्हाईक काय म्हणेल? ती म्हणाली, गिऱ्हाईकच म्हणालं, वर जाऊन बघून या आणि मला सांगा.

ताडमाड आज वाकला नाही, चौकटीला डोकं आपटलं, आणि त्याला ते कळलंही नाही. थेट मागच्या खोलीत जाऊन लोकरीखाली उभा राहिला. एकच पीळ उरलाय. बाकी सगळी मोकळी, कड्यासारखी.

मी मधोमध बसले होते, म्हणून सगळं नीट ऐकलं.

पिशवीवाली म्हणाली, बाकीच्या लोकांची काल बैठक झाली, ज्याच्या त्याच्या घरून. निम्मे म्हणाले, कापून टाका, जे फक्त एका घरात चालतं त्याचा भरवसा काय. त्यांचंही चुकत नाही, असं ती म्हणाली. मग तिनं त्यांना तारीख सांगितली. अठ्ठावीस आली की फाइलवरची तारीख पुढची राहणार नाही, आजची होईल. मग कुणाचंच मशीन गोल गोल फिरणार नाही. तोवर शेवटची पायरीही लिहून झालेली असेल, फाइल वाढतेय ती त्याच बेतानं वाढतेय. त्या दिवशी फाइल सगळ्यांना पाठवायची आणि सगळ्यांनी एकदम विणायचं. हिरवं आलं तर गाठींचा भाग राहील, नावासकट. लाल आलं तर काढायचा. तोपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

"आणि लिहितंय कोण?" मुलगा म्हणाला. "ते कुणी विचारलं नाही तुमच्या बैठकीत?"

"विचारलं," ताडमाड म्हणाला. "सगळे आपापल्या पडद्याकडे बघत बसले."

मुलगा मशीनजवळ गेला. मला भीती होती, आता हा तार ओढतो. तो लोकरीकडे बघत होता. मग म्हणाला, "अठ्ठावीसपर्यंत राहू दे. त्यानंतर मी स्वतः बंद करीन. आई, त्यानंतर तू अडवायचं नाहीस."

"नाही अडवणार," मी म्हटलं. खरंच नाही अडवणार. तिनं काय सांगितलं होतं? मी येईपर्यंत. तेवढं झालं की माझं काम संपलं.

पिशवीवालीनं जाताना माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "आजी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कसली? माझीच सून आहे."

"त्या दिवशी आम्ही दोघं इथेच थांबू. सकाळपासून."

"मग जेवायलाच या," मी म्हटलं. "मागच्या वेळी तसेच गेलात." ती हो म्हणाली. ताडमाडही हो म्हणाला, कपाळ चोळत. शिंपिणीला कुणी विचारलं नव्हतं, ती म्हणाली मीही येईन, काकूंना मदत नको का?

ते गेल्यावर मी आधी दवाखान्यात फोन लावला. म्हटलं, अठ्ठावीसला माझ्या घरी माणसं आहेत, मला पुढची कुठलीतरी तारीख द्या. तिकडची मुलगी म्हणाली, आजी, डॉक्टरांनी तातडीचं लिहिलंय, पुढे ढकलू नका. मी म्हटलं, बाळ, दवाखाना कुठे पळून जातोय? तिनं महिनाअखेरीनंतरची तारीख दिली. मुलाला सांगेन सावकाश. आत्ता सांगितलं तर उगाच आरडाओरडा करील, आणि त्या दिवशी त्यानं चिडलेलं मला नको आहे.

मग ताटं काढून बघितली. पाहुणे दोघं, शिंपीण, मुलगा, मी. आणि तिचं ताट, ते मी कपाटात मागे ठेवलं होतं, घासूनपुसून ठेवलं पुढे. ती नेहमी दाराच्या बाजूला बसायची, मी तिच्या शेजारी. तसंच मांडायचं.

हाक मात्र आता जपून. दोन होऊन गेल्या, त्याही नकळत. तिसरी मी मारलेली नाही. ताटं घेताना कालपासून ओठ घट्ट मिटून ठेवते, शिंपीण विचारते काकू दात दुखतो का? सगळे पानावर बसले, वाढून झालं, की मग आरामात, मोठ्यानं मारीन, आत ऐकू जाईल अशी.

पाहुणे येणार शुक्रवारी, अठ्ठावीसला, दुपारच्या जेवणाला.